आमची वाटचाल: लग्नपत्रिकेच्या पाकिटातून खुनाच्या पाकिटाकडे

आमचा मूळ धंदा लग्नपत्रिकांचा. वडिलांनी सांगलीत गणपती पेठेमागच्या एका बोळात ट्रेडल मशीन टाकलं होतं, पुढं मी ऑफसेट आणलं. मग पत्रिका मोबाइलवर जायला लागल्या. पाचशेची ऑर्डर पन्नासवर आली, तीही देवापुढं ठेवायला आणि भावकीत हातात द्यायला. ऑगस्ट 2019 च्या महापुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं (धोक्याची पातळी 45) आणि आमच्या गाळ्यात छातीएवढं शिरलं. कागदाची रिमं भिजून अशी फुगली की रॅकमधून काढायला कोयता घ्यावा लागला. पोटमाळ्यावरची सोनेरी किनारीची चार हजार पाकिटं तेवढी कोरडी राहिली. त्यानंतर लॉकडाऊन आला, लग्नं पन्नास माणसांत उरकायला लागली, आणि ती पाकिटं बघून रोज पोटात गोळा यायचा.

पुण्यात नोकरी करणारी भाची सुट्टीला आली तेव्हा तिच्या बॅगेत एक इंग्रजी डबा होता, जेवता जेवता खुनी शोधायच्या खेळाचा. घरी जेवायला बोलावलेल्या आठ जणांना आठ पाकिटं द्यायची. प्रत्येकात एक भूमिका: तू कोण, मेलेल्याशी तुझं काय नातं, तू काय लपवतोयस. जेवणाच्या प्रत्येक टप्प्यानंतर नवं पाकीट उघडायचं, एकमेकांना प्रश्न विचारायचे, आणि गोड खाऊन झालं की खुनी कोण ते प्रत्येकानं कागदावर लिहायचं. भाचीला खेळात रस होता, माझा जीव पाकिटांत अडकला होता. हिशोब केला, एका डब्याला बत्तीस पाकिटं लागतात!

नंतर वाचताना कळलं की घरात बसून खुनी शोधायची हौस इंग्रजांना जुनी आहे. क्लूडो हा पटावरचा खेळ बर्मिंगहॅमच्या अँथनी प्रॅट यांनी दुसऱ्या महायुद्धात रचला. बाहेर ब्लॅकआउट, माणसं घरात कोंडलेली. पेटंटचा अर्ज 1944 चा, खेळ बाजारात यायला 1949 उजाडलं, कारण युद्धानंतर तिकडं मालाचीच टंचाई होती. लॉकडाऊनमध्ये हे वाचताना फार जवळचं वाटलं.

पहिला प्रयोग आमच्याच घरी, एकतीस डिसेंबरला. इंग्रजी डबा मी मोडक्यातोडक्या मराठीत उतरवला होता. खुनाचं पाकीट बायकोच्या हाती गेलं. गेलं म्हणजे मीच वाटलं, पण न बघता. पाहुणे बाहेरच्या खोलीत एकमेकांवर तुटून पडलेले, आणि ही आत गॅसपाशी चपात्या लाटतेय. गरम चपाती वाढायला बाहेर यायची, "अजून एक घ्या की" म्हणायची आणि परत आत. चार फेऱ्या झाल्या. सात जणांनी सात कागदांवर नावं लिहिली, एकातही तिचं नाव नव्हतं. मी मोठ्यानं जाहीर केलं, "वहिनी जिंकल्या!" टाळ्या पडल्या. ती मात्र भडकली होती. पाहुणे गेल्यावर म्हणाली, "खून मी केला आणि चौकशीला एकजण स्वयंपाकघरापर्यंत आला नाही. तुमच्या लेखी मी घरात होते का नव्हते?"

आमचा धंदा तिथून सुरू झाला असं मी मानतो. त्या इंग्रजी डब्यात गृहीत धरलं होतं की सगळे एकदम टेबलाशी बसणार आणि वाढणारं कुणी त्यांच्यातलं नसणार. आपल्याकडं तव्यापाशी कुणीतरी उभं असतंच, आणि तिला निम्मे धागेदोरे ऐकूच येत नाहीत. म्हणून आमच्या डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पहिली ओळ ठळक छापलेली असते: "आज चपात्या नाहीत." खाली जेवणाचा बेत. सुरुवातीला भडंग आणि कोकम सरबत, मग भरलं वांगं, मटकीची उसळ, दही आणि दुपारीच करून ठेवलेली कडक भाकरी, मग झाकून ठेवलेला मसालेभात, शेवटी श्रीखंड. मांसाहारी घरात रस्सा आधीच उकळून ठेवायचा. ताटं आपापली घ्यायची. या एका ओळीवर जेवढी पत्रं आणि फोन आले तेवढे खुनावर आले नाहीत. एका सासूबाईंनी डबा परत पाठवला होता. मी पैसे दिले, वाद घातला नाही.

बाकीचे नियम असेच घरं बघून झाले. आठ जण बोलवा, अकरा येतात; मेहुणे न सांगता येतात आणि त्यांना परत पाठवता येत नाही. म्हणून डब्यात पंचनाम्याचा फॉर्म घातला. पंचनाम्याला पंच लागतातच, जादा माणसं पंच. त्यांनी शेवटी सही करायची आणि तोवर कुणालाही एक प्रश्न विचारायचा. मुलांना चिठ्ठ्या पोचवायचं काम. बोलण्याचा नियम एकच ठेवला: लपवायला सगळ्यांना मुभा, खोटं बोलायला फक्त खुन्याला. आणि तारीख ठरवताना संकष्टी बघून घ्या असं आता तोंडी सांगतो. विश्रामबागेतल्या एका घरी चंद्रोदयापर्यंत जेवण नव्हतं, तपास उपाशीपोटी झाला आणि दुसऱ्याच फेरीत दोन साडूंची खरी भांडणं लागली.

लिहायला नाटकातला एक मित्र घेतला. सांगलीत नाटकवाला शोधावा लागत नाही. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली इथं मराठी नाटक उभं केलं, तेव्हापासून प्रत्येक गल्लीत एखादा आहेच. त्यानं पानपानभर संवाद लिहून आणले. सुंदर होते, पण तोंडात घास असताना संवाद म्हणता येत नाहीत. आम्ही सगळे काढून टाकले आणि प्रत्येकाच्या पाकिटात फक्त माहिती ठेवली: रात्री कुठं होतास, कुणाला पाहिलंस, कुणाचं देणं आहे. माणसं आपल्या शब्दांत सांगतात तेव्हाच ती फसतात. मित्र महिनाभर रुसला होता.

आमचं स्वतःचं पहिलं प्रकरण हळदीचं. ते आता विकत नाही, म्हणून उत्तर सांगायला हरकत नाही. काळ संस्थानी, आयर्विन पूल नुकताच झालेला, म्हणजे 1930 च्या आसपास. हरिपुरात हळदीच्या पेवात एक अडत्या मरून पडलेला सापडतो. बाहेरच्यांसाठी सांगतो: पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं कोठार, वर तोंड माणूस कसाबसा उतरेल एवढं, आत पोट मोठं. त्यात हळद वर्षानुवर्षं किडीशिवाय राहायची. पण बंद पेवात हवा कोंडते, जड वायू तळाशी साचतो, आणि तोंड उघडल्या उघडल्या उतरणारा माणूस गुदमरून मरतो. म्हणून आधी पेव उघडं टाकायचं, मग कंदील सोडून बघायचा; विझला तर उतरायचं नाही. प्रकरणात सगळे म्हणतात, अपघात. संशयितांत दिवाणजी, वैद्य, भागीदार, सावकारीणबाई आणि संगीत नाटक कंपनीतला एक स्त्रीपार्टी, म्हणजे बायकांच्या भूमिका करणारा नट. (ती भूमिका बहुतेक घरांत सर्वांत जाड मिशीवाल्याकडं जाते, का ते विचारू नका.) धागा असा की हमालाच्या चिठ्ठीप्रमाणे पेव आदल्या दिवशीच उघडून हवा जाऊ दिली होती. मग गुदमरला कसा? वैद्यानं आधीच विष दिलेलं, प्रेत नंतर आत टाकलं.

पुण्यात हे कुणाला सुटायचं नाही. सांगलीत मात्र एका घरी ऐंशीच्या पुढच्या आजी पंच म्हणून बसल्या होत्या. त्यांचे वडील मार्केट यार्डात हमाल. पहिल्याच फेरीत, भडंग खाता खाता त्या म्हणाल्या, "आदल्या दिशी तोंड उघडलं आसंल तर मानूस मरतुय कसा? ह्यो आधीच मेलावता." पुढची तीन पाकिटं कुणी उघडलीच नाहीत, सरळ वांग्यावर गेले. यजमानाचा रात्री अकराला मला फोन. त्यानंतर मी मुद्दाम विचारत गेलो, सत्तरीच्या पुढचं कुणी घरात असलं की हाच प्रकार. ते प्रकरण बंद केलं.

आमच्या चुकाही सांगतो. पहिल्या लॉटमध्ये कागद पातळ होता, ट्यूबलाइटपुढं धरलं की आतलं "खुनी" वाचता यायचं. आता पाकिटाला आतून करडी छपाई असते, बँकेच्या पिनच्या पाकिटासारखी. दुसऱ्या लॉटमध्ये पाकिटांवरचे आकडे माझ्याच हातून उलटसुलट लागले. मिरजेच्या एका घरी वाढदिवसाला पहिल्या फेरीतच कबुलीजबाब वाचला गेला. मी डबा बदलून दिला आणि स्वतः जाऊन माफी मागितली. त्यांनी जेवायला बसवलं, चपात्या होत्या.

लग्नपत्रिका अजून छापतो, डब्यांवर एकट्यानं घर चालत नाही. उद्यम नोंदणीत धंदा कोणता लिहायचा यावर सीए आणि मी तासभर घालवला. शेवटी छपाईच लिहिलं. सोनेरी पाकिटं केव्हाच संपली, आता मुद्दाम तशीच बनवून घेतो.

नवं प्रकरण तासगावच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमधलं आहे. प्रूफ आधी त्याच आजींकडं जातं, सोबत पावशेर भडंग. त्यांनी दोनदा परत पाठवलंय. पहिल्यांदा म्हणाल्या वॉचमन, बरोबर होतं. वॉचमन बदलून हिशोबनीस केला, दुसऱ्यांदा निरोप आला, "हिशोबनीसच, पन वॉचमनचं नाव कशाला काढलंस, त्यावरनंच कळलं." मित्र आणि मी सध्या तिथं अडलोय.