कोकणातल्या घरात मॉन्स्टेरा वाढवताना

रत्नागिरी तालुक्यातल्या आमच्या कौलारू, जांभ्याच्या चिऱ्यांच्या घरात मी मॉन्स्टेरा डेलिसिओसा हे चिरा आणि भोके पडणाऱ्या मोठ्या पानांचे झाड वाढवते. घरात ठेवायच्या शोभेच्या झाडांविषयी जे वाचायला मिळते, ते बहुतेक थंड, कोरड्या हवेच्या देशांतल्या किंवा वातानुकूलित फ्लॅटमधल्या अनुभवावर बेतलेले असते. पानांवर रोज पाणी फवारा, कुंडीखाली पाण्याचे ताट ठेवा, हवा दमट करणारे यंत्र घ्या, असे त्यात सांगितलेले असते. समुद्राकाठी, जिथे जुलैत मिठाला पाणी सुटते आणि कपाटातल्या चपलांवर बुरशी चढते, तिथे यातले काहीच करावे लागत नाही. आमच्याकडे जपावे लागते ते मुळांभोवतीच्या हवेला आणि पावसाळ्यातल्या उजेडाला.

हे झाड मूळचे दक्षिण मेक्सिको आणि त्याला लागून असलेल्या मध्य अमेरिकेतल्या पावसाळी जंगलांतले. तिथे ते मोठ्या झाडाच्या खोडाचा आधार घेत वर चढते आणि पेरापेरातून सुटणाऱ्या हवाई मुळांनी सालीला धरून राहते. पाऊस भरपूर पडतो, पण मुळे पालापाचोळ्यात आणि सालीच्या भुसभुशीत थरात असल्यामुळे पाणी साचत नाही. शेजारच्या काकींनी झाड पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्या म्हणाल्या, "अगो, हे तर आपल्या अळवाच्याच जातीचे दिसते." त्यांचे निरीक्षण अगदी बरोबर होते. अळू, सुरण आणि मॉन्स्टेरा ही एकाच कुळातली भावंडे आहेत. अळवाने घसा ज्यामुळे खवखवतो ते कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक मॉन्स्टेराच्या पानादेठांतही असतात, म्हणून छाटणी करताना मी हातमोजे घालते आणि लहान मुले व मांजर यांच्या तोंडाला पान लागणार नाही अशी जागा निवडते. मात्र विहिरीजवळच्या ओलीत अळू जसे सुखाने वाढते, तसे मॉन्स्टेराला सोसत नाही. मुळे सतत पाण्यात राहिली तर ती काळी पडून कुजतात.

म्हणून सगळ्यात जास्त वेळ मी मातीच्या मिश्रणावर घालवला. आमची तांबडी माती कुंडीत भरली की दोन पावसांत घट्ट बसते. तिच्याऐवजी मी नारळाची सोडणे घेतली, कोयत्याने त्यांचे सुपारीएवढे तुकडे केले आणि ते पाण्यात भिजत घातले. पहिले पाणी चहासारखे तपकिरी निघते. सोडणातला टॅनिनचा अंश आणि क्षार त्यातून बाहेर पडतात, म्हणून पाणी फिके होईपर्यंत ते बदलत राहावे लागते. खाडीच्या पाण्यात कुजवलेली सोडणे असतील तर त्यांत मीठ मुरलेले असते, ती मी घेत नाही. समुद्राची वाळूही याच कारणाने वर्ज्य. तीन भाग सोडणाचे तुकडे, एक भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत आणि एक भाग चिऱ्याची बारीक खडी व चुलीतल्या कोळशाचे तुकडे, असे प्रमाण मला मानवले आहे. भरलेल्या कुंडीवर तांब्याभर पाणी ओतले की काही क्षणांत तळाच्या भोकातून ते वाहू लागले पाहिजे. कुंडी भाजक्या मातीचीच घ्यावी, कारण तिच्या अंगातूनही ओल बाहेर पडते, आणि खाली कौलाचे दोन तुकडे सरकवावेत, म्हणजे भोक जमिनीला चिकटून बंद होत नाही.

आधारासाठी चिव्याच्या, म्हणजे बारीक बांबूच्या, काठीला सुंभ गुंडाळले. मॉन्स्टेराच्या खोडाला पुढची आणि मागची बाजू असते. पाने पुढे झुकतात आणि हवाई मुळे मागून निघतात, तेव्हा काठी मागच्या बाजूलाच लावली पाहिजे. सुंभ ओले ठेवले की मुळे त्यात शिरतात, आणि झाड जसे वर चढते तशी पाने मोठी होत जातात. सुरुवातीची पाने अखंड, बदामाच्या आकाराची असतात, पुढच्यांना कडेने चिरा पडतात आणि त्यानंतर मधल्या शिरेजवळ लहान भोके दिसू लागतात. हे सगळे पान सुरळीसारखे गुंडाळलेले असतानाच ठरून गेलेले असते. अखंड उघडलेल्या पानाला नंतर कितीही ऊन दिले तरी भोक पडत नाही, त्यामुळे उजेडाची काळजी पुढच्या पानासाठी घ्यायची असते.

या उजेडाचा हिशेब मला फार मोलाचा वाटतो. उत्तरेकडच्या देशांत दक्षिणेची खिडकी बाराही महिने उन्हाची मानतात. रत्नागिरी साधारण १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि तिथपासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारी तो आपल्या उत्तरेला असतो. त्या काळात दक्षिणेच्या खिडकीतून थेट ऊन येत नाही, त्यात आभाळ भरलेले आणि पागोळ्यांपर्यंत उतरलेले छप्पर. याउलट डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेला जेमतेम ५० अंशांवर असतो आणि ऊन पडवी ओलांडून माजघरापर्यंत येते. म्हणून हिवाळ्यात मी कुंडी खिडकीपासून पाच-सहा फूट आत ठेवते, नाहीतर पानांवर पांढरट-तपकिरी डाग पडतात. मृग लागायच्या सुमारास तीच कुंडी खिडकीला अगदी खेटून जाते. त्याशिवाय वर एक पांढरा एलईडी दिवा दिवसाचे दहा-बारा तास लावते. वादळी दिवसांत वीज जाते, पण दोन-तीन दिवसांच्या अंधाराने या झाडाचे काही बिघडत नाही. थंडीची चिंता किनाऱ्यावर करावीच लागत नाही.

पाण्यासाठी मी वार पाळत नाही. नारळाच्या झावळीचा एक हीर कुंडीत खोलवर खुपसते आणि थोड्या वेळाने उपसून पाहते. त्याला ओले कण चिकटून आले तर पाणी द्यायचे नाही. मे महिन्यात तिसऱ्या-चौथ्या दिवशी तांब्या उचलावा लागतो, तर वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या भागात जुलैत पंधरवडाभरसुद्धा लागत नाही. दमट रात्रीनंतर सकाळी पानांच्या टोकांशी पाण्याचे स्वच्छ थेंब लोंबताना दिसतात. हवा इतकी ओली असते की पानांतून बाष्प बाहेर पडू शकत नाही, आणि मुळांच्या दाबाने वर चढलेले पाणी कडेच्या सूक्ष्म छिद्रांतून थेंबाथेंबाने निघते. तो रोग नाही, पण रोज थेंब दिसू लागले की मी पाणी आणखी लांबवते. खतही पावसाळ्यात बंद ठेवते, कारण उजेड कमी असताना वाढ मंदावलेली असते.

किडींमध्ये पिठ्या ढेकूण तेवढा त्रास देतो. खोडावर मुंग्यांची रांग दिसली की पेराच्या खाचेत पांढरा कापूस शोधावा. ओल्या फडक्याने पुसून, निंबोळी तेल साबणाच्या पाण्यात मिसळून फवारले की तो आटोक्यात येतो. फेब्रुवारीनंतर तांबडी धूळ बसते तेव्हा पाने दोन्ही बाजूंनी स्वच्छ पाण्याने पुसावीत.

गणपती उठल्यावर आभाळ मोकळे होते आणि झाडाला पुन्हा जोर येतो, म्हणून कलमे मी तेव्हाच करते. कलमात निदान एक पेर हवेच, त्यावर हवाई मूळ असले तर उत्तम. नुसता देठ पाण्यात कितीही दिवस हिरवा राहिला तरी त्यातून झाड होत नाही. काप दिवसभर सावलीत सुकू द्यावा आणि मग कलम धुतलेल्या सोडणात हवाई मुळासकट पुरावे. काकींच्या ओटीवरचे झाड अशाच एका कलमाचे आहे. त्यांची ओटी पूर्वेकडे उघडी असल्याने सकाळचे कोवळे ऊन त्याला बाराही महिने मिळते आणि दिवा लावावा लागत नाही, फक्त पाऊस सुरू झाला की झड लागू नये म्हणून त्या कुंडी भिंतीकडे ओढून घेतात.