रिकाम्या स्टुडिओचे प्रसारण

विद्यार्थ्यांनी चालवलेल्या एका रेडिओ केंद्राची देखरेख करण्याचे काम मी काही वर्षांपासून करते आहे. निवेदन, संपादन, गाण्यांची निवड, मुलाखती हे सारे विद्यार्थीच पाहतात. परवान्याच्या अटी, यंत्रसामग्री आणि नव्या मुलांचे प्रशिक्षण एवढे माझ्याकडे असते. परीक्षांच्या दिवसांत एका दुपारी आमच्या केंद्रावर जे घडले, त्यानंतर केंद्राच्या दैनंदिन कामाची घडी आम्ही बरीचशी बदलली, म्हणून तो दिवस तपशिलाने लिहिते आहे.

दुपारी ग्रंथालयात काम करणाऱ्या एक बाई माझ्याकडे आल्या. पुस्तकांच्या नोंदी करताना त्या आमचे केंद्र रोज लावतात. “मॅडम, आज केंद्र बंद आहे का? मघापासून नुसती खरखर ऐकू येतेय. मला वाटलं रेडिओच बिघडला, म्हणून सेलसुद्धा बदलून पाहिले,” असे त्या म्हणाल्या. त्यांनी स्टुडिओत फोनही केला होता, पण तो कोणी उचलला नव्हता. स्टुडिओतल्या फोनला घंटी ठेवलेली नाही; आवाज माइकमध्ये जाऊ नये म्हणून तिच्या जागी दिवा लुकलुकतो, आणि त्या वेळी तो दिवा पाहायला आत कोणीच नव्हते.

माझ्या समोरच्या पडद्यावर मात्र सारे सुरळीत दिसत होते. ट्रान्समीटर पूर्ण शक्तीने चालू होता, ध्वनीची पातळी दाखवणारी हिरवी पट्टी हलत होती आणि धोक्याची एकही सूचना आलेली नव्हती. बाईंनी ‘खरखर’ हा शब्द वापरला नसता, तर मीही कदाचित त्यांच्या रेडिओलाच दोष दिला असता. एफएम केंद्राचा ट्रान्समीटर बंद पडला, की श्रोत्याला रिकाम्या कंप्रतेचा फसफसता आवाज ऐकू येतो. ट्रान्समीटर चालू असून त्यात ध्वनीच जात नसेल, तर मात्र रेडिओ जवळजवळ निःशब्द होतो, कारण पुरेशी बळकट वाहक लहर (ध्वनी वाहून नेणारी रेडिओ लहर) मिळाली की एफएमचा रेडिओ संच पार्श्वभूमीचा गोंगाट दाबून टाकतो. अमेरिकी अभियंते एडविन आर्मस्ट्राँग यांना 1933 मध्ये ज्या पद्धतीची पेटंटे मिळाली, तिचे मोठेपण याच गुणात आहे. आमचा ट्रान्समीटर तर चालू होता. म्हणजे बाईंना ऐकू येणारी खरखर हवेतली नव्हती, ती आमच्याकडूनच जात होती.

स्टुडिओचे दार उघडले तेव्हा बाहेरचा लाल दिवा लागलेला होता, आतल्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या आणि छताजवळच्या जाळीतून वातानुकूलन यंत्राची हवा एकसारखी वाहत होती. कन्सोलवर, म्हणजे सगळे आवाज एकत्र करणाऱ्या मेजावर, निवेदकाच्या माइकचा फेडर (आवाज कमी-जास्त करणारी सरकती कळ) नीट खाली आणलेला होता, पण पाहुण्यांसाठी असलेल्या दुसऱ्या माइकचा फेडर वरच राहिला होता. ऑटोमेशनच्या, म्हणजे वेळापत्रकाप्रमाणे आपोआप प्रसारण चालवणाऱ्या संगणकाच्या, पडद्यावर ‘थेट कार्यक्रम’ असा खंड सुरू झालेला दिसत होता. अशा खंडात संगणक स्वतःहून काही वाजवत नाही, निवेदकाने कळ दाबण्याची वाट पाहतो. मी पाहुण्यांचा माइक बंद केला, संगणकाला गाण्यांची यादी सुरू करायला लावली, आणि मगच मुलांना निरोप धाडले.

संध्याकाळी, परीक्षा देऊन मुले आल्यावर, आम्ही लॉगरमधले ध्वनिमुद्रण लावले. जे प्रसारित होते ते सगळे हा लॉगर साठवून ठेवतो. परवान्याच्या अटींसाठी आम्ही तो बसवला असला, तरी त्याचा खरा उपयोग मला त्या दिवशी दिसला. सुरुवातीला एका पहिल्या वर्षाच्या मुलाचा निरोप ऐकू आला, मग शेवटचे गाणे, गाणे संपत असताना खुर्ची सरकल्याचा आवाज आणि दार लागल्याचा मऊ धप्प असा नाद. नंतर काही क्षण खोलीचा आवाज अगदी बारीक होता. मग तो हळूहळू चढत गेला, आणि अर्ध्या मिनिटाच्या आत वातानुकूलन यंत्राची घरघर गाण्याच्या जवळपास जाईल एवढी मोठी झाली. पुढे पाऊण तास तीच. मुलांनी काही मिनिटे ती निमूटपणे ऐकली. शेवटी एक मुलगी म्हणाली, “मॅडम, पण त्या वेळी अलार्म का नाही वाजला?”

प्रश्न अचूक होता. प्रसारणात शांतता पसरली तर इशारा देणारा सायलेन्स डिटेक्टर आमच्याकडे केंद्र सुरू झाल्यापासून आहे. ध्वनीची पातळी सलग 30 सेकंद उणे 45 डेसिबलच्या (या मापात उणे आकडा जितका मोठा, तितका आवाज बारीक) खाली राहिली, की त्याने अलार्म द्यावा अशी त्याची मांडणी होती. आम्ही रिकाम्या स्टुडिओत तोच माइक पुन्हा उघडून पातळी मोजली. कन्सोलमधून बाहेर पडताना खोलीचा आवाज सुमारे उणे 58 डेसिबल होता, म्हणजे डिटेक्टरने तो शांतता म्हणूनच धरायला हवा होता. पण डिटेक्टर बसवला होता प्रोसेसरच्या पुढे, ट्रान्समीटरच्या अगदी तोंडाशी. प्रोसेसरचे कामच मुळी हळू आवाज उचलून आणि मोठा आवाज आवरून प्रसारण एका पातळीवर ठेवण्याचे. हळू बोलणारा निवेदक त्यामुळे श्रोत्याला स्पष्ट ऐकू येतो. रिकाम्या खोलीची घरघर आली तेव्हा त्याने तिलाही हळू बोलणारा निवेदक समजून वीसहून अधिक डेसिबलांनी उचलले, आणि डिटेक्टरपाशी ती पोहोचली तेव्हा तिची पातळी उणे 35च्या आसपास होती. डिटेक्टरच्या लेखी कार्यक्रम व्यवस्थित चालू होता.

अशा वेळी प्रोसेसरने थांबावे म्हणून त्यात एक गेट असते; येणारा आवाज ठरावीक पातळीखाली गेला, की ते उचलण्याची क्रिया जागच्या जागी गोठवते. आमच्या प्रोसेसरमध्ये ही मर्यादा उणे 65वर ठेवलेली होती. आमच्या खोलीचा आवाज तिच्या वर होता, त्यामुळे गेट कधी लागलेच नाही. कन्सोल, प्रोसेसर आणि डिटेक्टर ही यंत्रे तिन्ही निर्दोष होती. ती एका ओळीत कोणत्या क्रमाने बसवली आहेत आणि त्यांचे आकडे एकमेकांशी जुळतात का, हे पाहण्याची वेळ त्याआधी कधी आली नव्हती. लहान केंद्रांत यंत्रसामग्री एकाच वेळी येत नाही, निधी मिळेल तशी एकेक वस्तू वाढत जाते, आणि प्रत्येक वस्तू ज्याला त्या वेळी जमले त्याने जोडलेली असते.

हे सगळे चालू असताना शेवटचा कार्यक्रम केलेला मुलगा भिंतीला टेकून उभा होता. आपल्याला केंद्रावरून काढणार, अशी त्याची समजूत झाली होती. त्याने त्याचा कार्यक्रम वेळेवर संपवला होता, श्रोत्यांचा निरोप घेतला होता, स्वतःचा माइक बंद केला होता आणि स्वतःच्या परीक्षेसाठी धावत गेला होता. पाहुण्यांचा माइक आधीच्या मुलाखतीपासून उघडा होता. पुढच्या निवेदिकेची परीक्षा ऐन वेळी अलीकडे ओढली गेली होती. तिने तसा निरोप मोबाइलच्या गटावर टाकलाही होता, पण अभ्यासाच्या टिपणांच्या आणि वेळापत्रकांच्या ढिगात तो कोणाच्या नजरेस पडला नाही. मी त्या मुलाला सर्वांसमोर सांगितले, की निवेदकासाठी आपण जे नियम लिहून ठेवले आहेत ते तू सारे पाळलेस. पुढचा माणूस आला नाही तर काय करायचे, हे त्यांत कुठेच लिहिलेले नाही. माझ्या मते त्या संध्याकाळी हे सांगणे प्रोसेसरच्या आकड्यांइतकेच महत्त्वाचे होते. जिथे चूक लपवावीशी वाटते, त्या केंद्रावर लॉगर कोणी मोकळेपणाने ऐकत नाही.

विद्यार्थी केंद्राची एक अडचण इतर केंद्रांना सहसा नसते. मुले शिकतात, तरबेज होतात आणि अभ्यासक्रम संपला की निघून जातात. त्यांच्याबरोबर केंद्र कसे चालते याची समजही जाते. पुढच्या तुकडीला कन्सोल मिळतो, पण दार ओढून घेण्यापूर्वी मागे वळून सगळे फेडर पाहायचे ही सवय मिळत नाही. म्हणून त्या संध्याकाळी आम्ही यंत्रांइतकाच वेळ पाळी बदलण्याच्या क्षणावर घालवला.

सगळ्यात चांगली सूचना दुसऱ्या वर्षातल्या एका विद्यार्थिनीने केली. तिचे म्हणणे होते, की पाळी बंद दाराआड बदलण्याऐवजी ती श्रोत्यांच्या समोरच बदलावी: जाणाऱ्या निवेदकाने येणाऱ्याला माइकवर घ्यावे, दोघांनी अर्धा-एक मिनिट बोलावे, पुढच्या तासात काय आहे ते सांगावे आणि मगच खुर्ची सोडावी. शेजारी कोणी नसेल तर बोलायलाच कोणी नाही, म्हणजे पुढचा माणूस आलेला नाही हे आपोआप उघड होते. मग निवेदकाने ऑटोमेशनची यादी सुरू करायची, कन्सोलवरचे सगळे फेडर खाली आणायचे, पहिले गाणे वाजू लागल्याची खात्री करायची आणि वहीत नोंद करून निघायचे. एका मुलाने विचारले, की दोन कार्यक्रमांचा बाज वेगळा असेल तर हे संभाषण खटकणार नाही का? ती म्हणाली, “खटकू दे की. निदान कोणीतरी बोलतंय हे तरी कळेल.” हा नियम आजही आहे, आणि आमच्या प्रसारणातला तो सर्वांत जिवंत भाग झाला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. शास्त्रीय संगीताचा कार्यक्रम करणारी मुलगी आणि क्रीडावार्ता देणारा मुलगा एरवी एकमेकांचे कार्यक्रम ऐकत नसत. आता त्यांना ऐकावे लागतात.

वेळापत्रकाचेही तेव्हाच ठरले. ते तीन ठिकाणी होते: भिंतीवरच्या तक्त्यावर, मोबाइलच्या गटात आणि ऑटोमेशनच्या संगणकात, आणि तिन्हींत थोडाथोडा फरक पडत असे. आता ऑटोमेशनमधले वेळापत्रक हेच एकमेव मानले जाते. येता येणार नसेल तर त्या दिवसाच्या समन्वयकाला फोन करायचा, आणि समन्वयकाने तो ‘थेट’ खंड काढून तिथे यादी बसवायची.

यंत्रांच्या बाजूने आम्ही डिटेक्टर प्रोसेसरच्या अलीकडे, कन्सोलच्या लगेच पुढे आणला, गेटची मर्यादा खोलीच्या आवाजापेक्षा पुरेशी वर घेतली आणि डिटेक्टरला नुसता अलार्म देण्याऐवजी राखीव यादी सुरू करण्याचेही काम दिले. प्रोसेसरनंतर काही बिघडले तर काय, म्हणून संपादनकक्षात एक साधा रेडिओ आमच्याच कंप्रतेवर कायम लावून ठेवला. इंटरनेटवरचे प्रसारण काही सेकंदांपासून अर्ध्या मिनिटापर्यंत मागे चालते. एफएमच्या रेडिओवर मात्र श्रोत्याला जे आणि जेव्हा ऐकू येते, तेच आपल्याला ऐकू येते.

किती वेळ शांतता चालू द्यायची, यावर मात्र खरा वाद झाला. तांत्रिक गटाला 10 सेकंद हवे होते. नाट्यवाचन करणाऱ्या मुलांनी त्याला ठाम विरोध केला. नाटकातला एखादा विराम तेवढा लांबतो आणि नेमक्या त्या जागी राखीव यादीतले गाणे सुरू झाले तर महिनाभराची तालीम वाया जाईल, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते मला पूर्णपणे पटले. शेवटी एरवी 20 सेकंद आणि नाट्यखंडात 40 सेकंद असे ठरले. श्रद्धांजलीसाठी दोन मिनिटे स्तब्धता पाळायची असेल तेव्हा डिटेक्टर थांबवणारी कळ वेगळी दिली. ती पाच मिनिटांनी आपोआप पूर्ववत होते, कारण थांबवलेला डिटेक्टर पुन्हा सुरू करायला माणूस विसरू शकतो.

रात्री उशिरा आम्ही चाचणी घेतली. श्रोत्यांना आधी सांगून, मुलांनी पाहुण्यांचा माइक उघडा ठेवला, सगळे बाहेर आले आणि संपादनकक्षातल्या रेडिओभोवती उभे राहिले. घरघर आली, पण या वेळी ती चढली नाही. गेटने तिला जिथल्या तिथे धरले. विसाव्या सेकंदाला राखीव यादीतले गाणे वाजू लागले. त्या पहिल्या वर्षाच्या मुलाने आत जाऊन माइक बंद केला आणि वहीत वेळ लिहिली.

ग्रंथालयातल्या बाईंना मुलांनी दुसऱ्या दिवशी जाऊन सारे सांगितले. 1936 मध्ये अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात विद्यार्थ्यांनी केंद्र सुरू केले तेव्हा त्यांनी वसतिगृहाच्या एका इमारतीतून दुसरीत तारा नेल्या होत्या. त्यांचा श्रोता शेजारच्या खोलीत होता. आमचा श्रोताही चालत येऊन सांगू शकेल एवढ्या अंतरावर आहे, आणि आमच्यासारख्या केंद्राला याहून चांगला डिटेक्टर मिळणे कठीण आहे. त्यामुळे आता स्टुडिओच्या फोनची हाक संपादनकक्षातही जाते, तिथे तिला घंटी आहे, आणि तो क्रमांक दर तासाला प्रसारणात सांगितला जातो.

राखीव यादीचा प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही. ती क्वचितच वाजते, म्हणून तिच्याकडे लक्ष जात नाही, आणि मागच्या सुट्टीत तीत एका होऊन गेलेल्या संमेलनाची जाहिरात तशीच राहिलेली आढळली. तूर्तास दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी नव्या तुकडीतल्या दोघांनी ती यादी सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकायची आणि जुने झालेले काढून टाकायचे, असे ठरले आहे.