गाज नसलेला समुद्र

बेळगावच्या माणसाला समुद्र म्हटला की आधी घाट आठवतो. चोर्ल्याने उतरून गोवा किंवा आंबोलीने उतरून वेंगुर्ला, आणि गाडी किनाऱ्याला लागण्याआधीच सुरूच्या झाडांमागून कानावर येणारी गाज, अशीच आमच्या घरातल्या सर्वांची समुद्राशी ओळख झालेली आहे. त्यामुळे दसऱ्याच्या सुट्टीत मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यावर, प्वांत देस्नी येथे, समुद्राला अगदी लागून असलेल्या एका व्हिलात आम्ही पाच रात्री राहिलो तेव्हा पहिल्याच रात्री सासूबाई अंधारात उठून बसल्या आणि म्हणाल्या, "समुद्र इथंच आहे न्हवं गं? मग आवाज कुठं गेला की त्याचा?"

प्रश्न रास्त होता. व्हरांड्याच्या चार पायऱ्या उतरल्या की वाळू आणि वाळूपासून वीस पावलांवर पाणी, आणि ते पाणी राकसकोपच्या जलाशयासारखे निवांत पडलेले. उत्तर सकाळी मिळाले. दूरवर, जवळजवळ क्षितिजालगत, एक पांढरी रेघ सतत हलत होती. हे बेट जवळजवळ चहूबाजूंनी प्रवाळाच्या कड्याने वेढलेले असल्यामुळे हिंदी महासागराच्या मोठ्या लाटा त्या कड्यावरच फुटतात आणि आतल्या उथळ खाजणात केवळ त्यांची हेलकावणारी बाकी येऊन पोहोचते. भरती-ओहोटीतला फरकही जेमतेम हात-दीड हाताचा असतो. वेंगुर्ल्याला ओहोटीच्या वेळी लांबवर उघडी पडणारी वाळू पाहिलेल्या आमच्या मुलीला दिवसभर जागचे न हललेले पाणी पाहून ते खोटे वाटू लागले. कान देऊन ऐकले की त्या रेघेचा आवाजही येत असे, पण तो गाजेसारखा नव्हे, तर पलीकडच्या गल्लीत कुणीतरी धान्य पाखडत असावे तसा.

घर बसके आणि साधे होते. समुद्रकाठच्या अशा घराला तिथे कांपमां म्हणतात आणि समोरच्या रुंद व्हरांड्याला वरांग. प्रत्येक खिडकीला बाहेरून जाड लाकडी झडपा होत्या. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत चक्रीवादळांचा हंगाम असतो आणि इशाऱ्याच्या चार पायऱ्यांपैकी तिसरी जाहीर झाली की लोक घराबाहेर पडत नाहीत, हे आम्हांला ते घर सांभाळणाऱ्या यजमानीणबाईंनी झडपांचे अडसर दाखवत सांगितले. ज्या संकेतस्थळावरून आम्ही घर आरक्षित केले होते त्यावर 'खाजगी किनारा' असे ठळक लिहिले होते. प्रत्यक्षात सकाळी सहापासून समोरून गावातली माणसे गळ घेऊन, पोरे चेंडू घेऊन, म्हातारी जोडपी नुसतीच चालत जात होती. यजमानीणबाईंना विचारले तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या की या देशात किनारा कुणाच्याच मालकीचा नसतो. पुढे कळले की भरतीच्या रेषेपासून आतली 81.21 मीटर रुंदीची पट्टी फ्रेंचांच्या काळापासून राखीव मानली जाते आणि तिच्यावरची बरीचशी घरे सरकारी भाडेपट्ट्यावर उभी आहेत. चार गुंठ्यांच्या उताऱ्यावर नाव चढवण्यासाठी तलाठ्याकडे वर्षानुवर्षे खेटे घालणाऱ्या आमच्या घरातल्या पुरुषांना ही गोष्ट फार गंभीरपणे विचार करण्यासारखी वाटली. जाहिरात खोटी होती याचा मला राग आला. सासूबाईंना मात्र माणसांची ये-जा असल्यामुळेच तिथे करमले.

यजमानीणबाई असे मी लिहिते आहे, पण दुसऱ्या दिवसापासून आम्ही त्यांना मावशी म्हणू लागलो, कारण त्या मराठी निघाल्या. घरात क्रिओल ही तिथली बोली, शाळेत शिकलेली थोडी मराठी आणि उरलेल्या जागी हिंदी, अशा तिहेरी भाषेत त्या बोलत. 1834 पासून ऊसमळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून सुमारे साडेचार लाख भारतीय या बेटावर आणले गेले, त्यांतल्या कोकणातून आलेल्या एका कुटुंबाच्या त्या वंशज. गणेशचतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते आणि कोकणातल्या जाखडी नाचाचे तिकडे झाकरी झाले आहे, हे त्यांनी अभिमानाने सांगितले. "तुम्ही रत्नागिरीचे?" असे त्यांनी विचारले. आम्ही कर्नाटकातले आहोत आणि आमच्या घराचा उतारा कन्नडमध्ये येतो, हे ऐकून त्या बराच वेळ गोंधळलेल्या होत्या. ते समजावून सांगण्याइतकी माझी हिंदी चांगली नाही आणि खरे सांगायचे तर मराठीही नाही. मग त्यांनी पाकिटातून एक नोट काढून तिच्यावरच्या लिपी दाखवल्या. 1998 मध्ये नव्या नोटांवर तमिळच्या आधी हिंदी छापले गेले तेव्हा तमिळ लोकांच्या संतापामुळे त्या नोटा मागे घेऊन जुना क्रम परत आणावा लागला होता. पाट्यांवरच्या अक्षरांचा क्रम पाहत लहानाचे मोठे झालेल्या आम्हांला यात समजावून सांगण्यासारखे काही उरले नव्हते.

जेवण बहुतेक त्यांच्याच हातचे होते. वाटाण्याच्या डाळीचे पूड केलेले सारण भरलेली मऊ दालपुरी सासूबाईंनी पुरणपोळी समजून तोंडात घातली आणि गूळ विसरला की काय, असे माझ्याकडे पाहिले. हळद, मोहरी आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेला मासा मात्र पहिल्या घासापासून ओळखीचा लागला. त्याला तिथे विंदाय म्हणतात. गोव्याचे विंदालू ज्या पोर्तुगीज पदार्थावरून आले त्याचाच हा दुसरा नातलग आहे. आम्ही नेलेला कुंदा मावशींनी एका डब्यात घालून जपून ठेवला आणि रोज चमचाभरच खाल्ला.

तिसऱ्या दिवशी मी अनवाणी पाण्यात उतरले आणि समुद्री साळिंदराच्या काळ्या काट्यांवर पाय दिला. टाचेत मोडलेले सात काटे मावशींनी गरम पाणी आणि व्हिनेगर वापरून संध्याकाळपर्यंत सैल केले. इतर मंडळी समोरच्या इल-ओ-झेग्रेत या छोट्या बेटावर गुलाबी कबुतरे पाहून आली, जी 1990 च्या सुमारास रानात जेमतेम दहाच उरली होती. मी वरांगमध्ये पाय वर करून बसून राहिले आणि म्हणूनच मला जहाजाची गोष्ट ऐकायला मिळाली.

25 जुलै 2020 रोजी वाकाशिओ नावाचे सुमारे तीनशे मीटर लांबीचे मालवाहू जहाज त्या पांढऱ्या रेघेवर, म्हणजे कड्यावर, येऊन रुतले. व्हरांड्यातून ते सरळ दिसत असे. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याअखेर त्याच्या टाक्यांतून तेल गळू लागले, सुमारे एक हजार टन तेल खाजणात उतरले आणि 15 ऑगस्टला जहाजाचे दोन तुकडे झाले. मावशी म्हणाल्या की वास आधी आला, पाणी नंतर काळे झाले. सरकारी यंत्रणेची वाट न पाहता जवळच्या माएबूर गावाच्या धक्क्यावर माणसे जमली आणि कापडाच्या लांबलचक पिशव्या शिवून, त्यांत उसाचे वाळलेले पाते ठासून भरून, पाण्यावर तरंगणारे बांध करू लागली. बायकांनी केसही कापून दिले, कारण केस तेल धरून ठेवतात.

"वाळलेले पाते, म्हणजे पाचट?" मी विचारले. तो शब्द त्यांना माहीत नव्हता. विमानतळावरून येताना दोन्ही बाजूंना उसाचेच फड होते, मजुरांनी वेचून रचलेले काळ्या दगडांचे ढीग त्यांत मधूनमधून उभे होते आणि तोडणी चालू होती; निपाणीच्या रस्त्याने जात आहोत असेच वाटले होते. आमच्याकडे तोडणी संपली की पाचट पेटवून देतात, संध्याकाळी चिक्कोडीकडून येताना गाडीच्या काचा वर कराव्या लागतात, हे मी त्यांना सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत.

निघण्याच्या सकाळी त्यांनी मागच्या कोठारातून एक लांब पिशवी ओढत आणली. ती तेव्हा शिवलेली, पण पाण्यात सोडायची राहून गेलेली होती. एका टोकाची शिवण उसवली होती आणि आतून पिवळट पाती बाहेर आली होती. सासूबाईंनी एक पात उपसून बोटांत चुरगळली, नाकाशी नेली आणि आपल्याच शेतातली असावी तशी परत आत खोचली. मग मावशींकडून सुई-दोरा मागून घेतला आणि गाडी येईपर्यंत व्हरांड्याच्या पायरीवर बसून उसवलेले टोक शिवून दिले.