२९१ ओळी आणि ७४ कोरे दिवस

काल रात्री डायरीत ३१ डिसेंबरची ओळ लिहिली आणि झोप येईना म्हणून मग १ जानेवारीपासून सगळी वाचायलाच घेतली. यावर्षी ठरवलं होतं की रोज फक्त एक ओळ लिहायची, जास्त नाही. २९१ दिवस लिहिलं गेलं, ७४ कोरे राहिले. वाचायच्या आधी कोणी विचारलं असतं वर्ष कसं गेलं, तर मी पटापट सांगितलं असतं की प्रमोशन झालं, पोहायला शिकले, बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, ताईला मुलगी झाली. चार गोष्टी. आणि डायरीत या चारही मिळून जेमतेम वीस-बावीस ओळी निघाल्या. मग बाकीच्या एवढ्या ओळी कसल्या आहेत, आणि त्या मला आठवत का नव्हत्या, हे रात्रभर डोक्यात फिरत होतं म्हणून लिहितेय.

प्रमोशनचं आधी सांगून टाकते. मार्चमधे झालं, सहा वर्षं वाट बघितली होती त्याची. फोनमधे त्या दिवसाचे चाळीस तरी फोटो आहेत, ऑफिसमधल्या सगळ्यांसोबत. डायरीत ओळ आहे, "मेल आला. पहिला फोन बाबांना. ते थोडा वेळ काही बोललेच नाहीत." मला आत्ता ते फोटो बघून काही होत नाही पण ही ओळ वाचली की घशाशी येतं.

पोहण्याबद्दल मात्र जरा लिहायचंय. वय ४१, आणि पाण्याची भीती लहानपणापासूनची. पहिले आठ-दहा दिवस नुसते बुडबुडे, म्हणजे तोंड पाण्यात घालायचं, हवा सोडायची, वर यायचं, श्वास घ्यायचा, परत खाली. मी श्वास कोंडून धरायचे आणि तीन-चार हात मारले की जीव घाबरा व्हायचा, धडपडत काठ पकडायचे. शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, अहो तुम्हाला हवा कमी पडत नाहीये, आतली तुम्ही सोडतच नाही आहात. नंतर वाचलं तर खरंच तसं असतं, श्वास कोंडल्यावर जी तडफड होते ती मुख्यतः आत कार्बन डायऑक्साइड साठतो त्याची असते, ऑक्सिजन संपायला अजून वेळ असतो. ९ जूनची ओळ फक्त एवढीच आहे, "आज सोडला." दुसऱ्या कोणी वाचली तर काय सोडला ते कळणार नाही. मला ते गार पाणी, कानातला तो घुमणारा आवाज आणि काठ न पकडता गेलेली पहिली पूर्ण लांबी सगळं आठवलं.

आता जे खरं सांगायचंय ते. जानेवारी ते जुलै या काळात डायरीत एक ओळ परत परत येते. "तिचा नंबर काढला. लावला नाही." मी मोजलं, अकरा वेळा आहे. मला वाटत होतं मी एकदा कधीतरी विचार केला आणि मग फोन केला, इतकं सरळ. अकरा वेळा!

ती म्हणजे माझी शाळेतली मैत्रीण, दहा वर्षं एका बाकावर बसलो आम्ही. तीन वर्षं बोलणं बंद होतं. भांडण कशावरून झालं ते लिहीत नाही, त्याला तिची पण बाजू आहे आणि ती इथे नाहीये मांडायला. कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल म्हणून एक प्राध्यापक आहेत, त्यांचा २०१८ मधला अभ्यास आहे की मोठ्या माणसांना नुसत्या ओळखीतून साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास एकत्र घालवावे लागतात, आणि जवळची मैत्री व्हायला २०० च्या वर. मी ते वाचलं तेव्हा आधी आमचे तास मोजले. कितीही कमी धरले तरी काही हजार होतात. आणि ते सगळे एका संध्याकाळच्या बोलण्याने वाया गेले असं मी तीन वर्षं धरून चालले होते.

१९ जुलैला लावला. दोन रिंग झाल्या आणि तिने उचलला आणि म्हणाली, "बोल गं." हॅलो नाही, कोण नाही, काही नाही, जणू मी सकाळीच फोन ठेवला होता. मला बोलताच येईना. मग मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, काकू कशा आहेत. ती जरा थांबली आणि म्हणाली, "आई गेली गं. दीड वर्ष झालं." मी म्हटलं, मला कळवलं का नाहीस. म्हणाली, "त्या दिवशी सुचलंच नाही, आणि नंतर इतका उशीर झाला की कसं सांगायचं ते कळेना." ती रागावून बोलली नाही, साधं जे झालं ते सांगितलं, आणि त्याचंच मला जास्त लागलं. काकूंच्या घरी मी अख्ख्या सुट्ट्या काढल्यात, माझी वेणी त्यांनी घातलीये कितीतरी वेळा. त्या दिवशीच्या ओळीत काकूंचं नाव आहे फक्त, पुढे काही लिहिलेलं नाही.

नोव्हेंबरमधे भेटलो. खूप वेळ इकडचं तिकडचं झाल्यावर ती म्हणाली की आईचे फोटो ढीगभर आहेत पण आवाज कुठेच नाही, आता नीट आठवतही नाही. माझ्या एकदम डोक्यात आलं. फोन काढला, आणि पाच वर्षं मागे जाऊन शोधलं व्हॉट्सअ‍ॅपवर, सापडला. तेरा सेकंदांचा व्हॉइस मेसेज, "अगं तुझी छत्री इथेच राहिलीये, पाऊस यायच्या आत घेऊन जा, आणि आलीस की बसायचं आहे हं जरा." तिने तो किती वेळा ऐकला ते मी मोजलं नाही. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले.

बाबांचं ऑपरेशन मोतीबिंदूचं. आधी एक डोळा ऑगस्टमधे, दुसरा महिनाभराने. मधला तो महिना ते रोज सकाळी एक डोळा झाकून भिंत बघायचे, मग दुसरा झाकून, आणि आम्हाला बोलावून सांगायचे की हिकडून पांढरी दिसते आणि तिकडून पिवळट. वय वाढतं तशी डोळ्यातली भिंग पिवळी होत जाते आणि निळा रंग अडवते, डॉक्टरांनी समजावलं होतं. पण त्यांनी स्वतःचा रोजचा शर्ट हातात घेऊन विचारलं, "हा निळा आहे?" तेव्हा आम्ही तिघी एकदम गप्प झालो. किती वर्षं तो राखाडी समजून घालत होते, आणि आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं.

ताईच्या मुलीबद्दल फार लिहीत नाही, ती अजून इतकी लहान आहे की तिचं तिनेच लिहावं. माझं बोट धरते आणि सोडत नाही, एवढं सांगते.

ते ७४ कोरे दिवस मला सगळ्यात टोचले. एबिंगहाउस नावाच्या जर्मन संशोधकाने १८८५ मधे स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की निरर्थक शब्द पाठ केले तर एका दिवसात त्यातलं साधारण एक तृतीयांशच उरतं. पण माझे दिवस काही निरर्थक नव्हते ना, आणि तरी ते गेले. आज सकाळी आईला हे बोलून दाखवलं. तिने काही न बोलता डायरी घेतली, चष्मा लावला, स्वतःचं कॅलेंडर काढलं ज्यावर ती बारीकसारीक टिपून ठेवते, आणि पेन्सिल घेऊन बसली. दुपारपर्यंत तिने तिला आठवले तेवढे कोरे दिवस भरले होते, तिच्या त्या तिरक्या अक्षरात. १४ मे ला मी काय केलं मला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. तिथे आईने लिहिलंय, "आज तू दुपारी खूप गाढ झोपली होतीस. मी उठवलं नाही."