अलार्म डोंबिवलीत नको, वाडीत वाजू दे

आईसाठीचा जीपीएस ट्रॅकर भावाने डोंबिवलीहून पाठवला तेव्हा सिम घातलेलं होतं, अ‍ॅप दोघांच्या फोनवर उतरवून झालं होतं, पासवर्ड ठरला होता. तो वाजला की धावायचं कुणी, एवढंच ठरलेलं नव्हतं. कोकणातल्या कितीतरी घरांत आज म्हातारं माणूस गावात, मुलं मुंबई-पुण्यात आणि मधे असं एखादं यंत्र आहे. त्यांच्यासाठी हे जरा सविस्तर लिहिते.

आमचं घर आंजर्ल्याला. मी रोज स्कूटरने दापोलीला नोकरीला जाते, दिवसभर आईजवळ एक ताई असतात. आईला स्मृतिभ्रंश आहे. ती अजून भाकरी थापते, नारळ सोलते, अथर्वशीर्ष न अडखळता म्हणते; पण बाबा कधी येणार, हे रोज विचारते. दिवेलागण झाली की तिचा जीव थाऱ्यावर राहत नाही. या आजारात पुष्कळांना संध्याकाळी अशी घालमेल होते. आईला त्या वेळी केळशीला जायचं असतं. केळशी तिचं माहेर. "आई वाट बघत असेल गो माझी," म्हणते, आणि कुणाचं लक्ष नसलं की निघते.

ट्रॅकर लावण्याआधी मी तिला विचारलं होतं. तेव्हा तिला बरंच कळत होतं. यंत्र हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं आणि म्हणाली, "म्हणजे हरवले तर सापडेन ना? मग असू दे." तिचा हा होकार मला फार मोलाचा वाटतो. ज्यांच्या घरी नुकतंच निदान झालंय त्यांनी हे बोलणं लांबवू नये. आजार पुढे सरकला की विचारायची वेळ निघून जाते.

अंगावर ठेवायचा कुठे, यात बरेच दिवस गेले. घड्याळासारखा ट्रॅकर ती काढून देव्हाऱ्यात ठेवायची. गळ्यातला माळेत अडकायचा. शेवटी तिच्या प्रत्येक परकराला आतून, नाडीच्या खाली, डाव्या बाजूला मांजरपाटाचा खिसा शिवला आणि त्याला बटण लावलं. काज मुद्दाम लहान ठेवलं, एका हाताने बटण निघू नये म्हणून. सकाळी अंघोळीनंतर ट्रॅकर नव्या परकरात जातो, रात्री ती झोपली की चार्जिंगला. तेवढ्या वेळात दाराची वरची कडी आणि कडीला बांधलेली घंटा यांच्यावर भिस्त.

हे यंत्र काम कसं करतं ते मात्र समजून घ्या, दुकानात कुणी सांगत नाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून नुसते संकेत पाठवत असतात. निदान चार उपग्रहांचे संकेत मिळाले की ट्रॅकर स्वतःची जागा काढतो. ती जागा आपल्या फोनवर पोचवायला त्याला मोबाइलचं नेटवर्क लागतं. म्हणजे वर आकाशही मोकळं हवं आणि जवळ टॉवरही हवा. आमच्या घराच्या भिंती जांभ्याच्या, भोवती माड-पोफळींची दाट वाडी. आत उपग्रह धड मिळत नाहीत, मग ट्रॅकर टॉवरवरून अंदाज बांधतो आणि पडवीत तांदूळ निवडत बसलेली आई नकाशावर खाडीत दिसते. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा माझे हातपाय गळाले. आता आधी ठिपक्याभोवतीचं फिकट वर्तुळ बघते. वर्तुळ मोठं असेल तर जागा ढोबळ आहे असं धरायचं. जी ओलांडली की इशारा येतो ती अ‍ॅपमध्ये घराभोवती आखायची हद्दही याच कारणाने फार लहान ठेवू नये, नाहीतर रात्रंदिवस खोटे इशारे येतात आणि खऱ्या इशाऱ्याकडेही माणूस दुर्लक्ष करू लागतो.

सिमचं एक सांगते. जिओचं टू-जी नेटवर्क नाही, त्यामुळे टू-जीवर चालणाऱ्या स्वस्त ट्रॅकरमध्ये ते सिम चालत नाही. आणि एअरटॅगसारखे ब्लूटूथचे टॅग या कामाला घेऊ नका. ते स्वतः उपग्रह शोधत नाहीत, आसपासच्या लोकांच्या फोनवरून जागा कळवतात. ठाणे स्टेशनवर ते ठीक, पण आमच्या पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवर, श्रावणात चिटपाखरू नसतं.

आता त्या संध्याकाळचं. मी दापोलीत ऑफिस आवरत होते. अ‍ॅप वाजलं, त्याच क्षणी डोंबिवलीत भावाचाही फोन वाजला. त्याने मला लावला, मी ताईंना लावला, ताई आईला शोधायला वाडीत गेलेल्या आणि त्यांचा फोन घरात. मग आम्ही दोघांनीही शेजारच्या काकूंना लावायला सुरुवात केली, साहजिकच तो सारखा एंगेज. एकादशी होती. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते, हे आमच्याकडे पोराटोरांनाही येतं. अकराची पाऊणपट म्हणजे सव्वाआठ. साडेसहाला पाणी चढायला लागलेलं होतं, आणि आईच्या लहानपणची केळशीची वाट पुळणीवरून जाते. भरतीला वाटेतल्या वहाळांच्या, म्हणजे ओढ्यांच्या, तोंडातून पाणी आत शिरतं. तिथे ती थांबेल की पुढे पाय टाकेल, हे मला दापोलीत बसून कळणार नव्हतं.

अखेर रिक्षावाल्या बाळूदादाला फोन लागला. तो केळशीच्या वाटेवरच्या आडे गावाच्या रस्त्याने निघाला. नकाशावरचा ठिपका रस्त्यावर होता, आई तिथे नव्हती. ट्रॅकर दहा मिनिटांनी एकदा जागा कळवत होता, आणि ताशी ४ किलोमीटरने चालणारं माणूसही दहा मिनिटांत साडेसहाशे मीटर पुढे जातं. बाळूदादा नावाने हाका मारत गेला, तिने ओ दिली नाही. या आजाराची माणसं हाकेला ओ देतीलच असं नसतं, वाट चुकली तरी मदतही मागत नाहीत. म्हणून शोधताना हाकेवर विसंबू नका, झाडीत, कुंपणाआड, बंद घरांच्या पडव्यांत डोळ्यांनी बघत जा.

ती सुरूच्या बनात होती. होडीजवळ जाळी आवरणाऱ्या एका मावशींनी तिला बसवून घेतलं होतं. हातात कापडी पिशवी, पिशवीत केळशीच्या महालक्ष्मीसाठी नारळ, शेंडी राखून स्वच्छ सोललेला. बाळूदादाला तिने ओळखलं नाही, पण म्हणाली, "उशीर झाला रे, भरती लागली." मुलाचं नाव निसटलं तिच्या, पाणी कधी चढतं ते निसटलेलं नाही.

त्या रात्रीच आम्ही सगळं बदललं. आता इशारा आधी वाडीत जातो: काकूंच्या मुलाकडे, बाळूदादाकडे आणि पुळणीच्या टोकाला चहाची टपरी आहे तिथल्या दादांकडे. एकाने पुळण धरायची, एकाने रस्ता, तिसऱ्याने घरात थांबून फोन मोकळा ठेवायचा. आई हद्दीबाहेर गेली की ट्रॅकर मिनिटामिनिटाला जागा कळवतो. बॅटरी भराभर उतरते, उतरू दे. त्या तिघांना फक्त इशारा आणि त्या घडीची जागा दिसते, दिवसभराचा माग माझ्याकडेच असतो. आईच्या हिंडण्याफिरण्याची नोंद सगळ्या गावाच्या फोनवर असावी, हे मला मान्य नाही. भावाने पहिली पंधरा मिनिटं कुणालाही फोन करायचा नाही असंही ठरलं. हे त्याला जड गेलं. दोनशेहून जास्त किलोमीटरवर बसलेल्या मुलाच्या हातात फोन करण्यापलीकडे असतं काय? तरीही तो पाळतो, आणि त्याबद्दल मला त्याचं कौतुक आहे.

त्या पंधरा मिनिटांत सापडली नाही तर ११२ या आणीबाणीच्या नंबरला फोन. हरवल्याची तक्रार द्यायला चोवीस तास थांबावं लागतं हा गैरसमज आहे, असा नियम नाही.

पावसाळ्यात यंत्रावर फार विसंबता येत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने दापोली तालुक्यात वीज आणि मोबाइल दोन्ही किती दिवस बंद होते, ते इथल्या प्रत्येकाला आठवतं. साध्या पावसातही लाइट गेली की थोड्या वेळाने टॉवर मान टाकतो. म्हणून आईच्या पिशवीत नाव, गाव आणि तीन फोन नंबर लिहिलेलं, प्लॅस्टिकमध्ये बंद केलेलं कार्ड असतं, आणि मेच्या अखेरीस मी आडेपर्यंतच्या प्रत्येक घरी जाऊन सांगून येते: आई दिसली तर अडवू नका, बसवा, पाणी द्या, केळशीच्या गोष्टी विचारा.

मागच्या काही महिन्यांचा माग एकत्र पाहिला तेव्हा एक दिसलं. ती बाजाराकडे किंवा खाडीच्या पुलाकडे कधीच वळलेली नाही. दर वेळी उत्तरेला, केळशीच्या अंगाला. तेव्हापासून अधूनमधून रविवारी दुपारी बाळूदादाच्या रिक्षाने आम्ही केळशीला जातो. आई देवीची ओटी भरते, देवळात टेकते, माहेरच्या बंद घराच्या अंगणात फिरून येते. त्या संध्याकाळी ती उंबऱ्याकडे फिरकत नाही. भाऊ गणपतीला आला की त्यालाही नेणार आहे.