टॉर्चशिवाय

फ्लोरिडातल्या जिनी स्प्रिंग्जला मी नव्या डायव्हरना घेऊन जातो. झऱ्यांचं पाणी बारा महिने २२ अंश, आणि इतकं नितळ की आपण पाण्यात आहोत हेच विसरायला होतं. तिथल्या डेव्हिल्स झऱ्यांत साध्या ओपन वॉटर कार्डावर, म्हणजे डायव्हिंगच्या पहिल्या परवान्यावर उतरता येतं, पण टॉर्च न्यायची नाही, म्हणजे कुणी पाण्याखालच्या गुहांत शिरत नाही. सगळे कुरकुरतात.

पहिल्या बॅचला मी तासभर अपघातांच्या कहाण्या ऐकवल्या. गुहेतल्या यमदूताच्या पाटीचा फोटोही दाखवला. अशा गुहांत मेलेल्यांमध्ये प्रशिक्षकही होते, असं त्या पाटीवर लिहिलंय. तेव्हा मीही नुकताच प्रशिक्षक झालो होतो. कहाण्या संपल्यावर पहिला प्रश्न आला, "मग आत किती लांब जाता येतं?" भीती घालायला गेलो आणि चटक लावून बसलो!

पुढच्या वेळी बोलणं कमी केलं. गुहेत परतीची वाट दाखवायला दोर असतो, तसा जमिनीवरच झाडांभोवती, बाकाखालून पंधरा मीटर दोर बांधला. त्या बॅचमधल्या एका पोराने पहिली बुडी मालवणला किल्ल्याजवळ मारलेली. तो म्हणाला, "काका, काही बिघडलं तर वर यायचं. त्यात काय?"

खरंय, आम्हीच तसं शिकवतो. अठरा मीटरपर्यंत सगळ्या चुकांवर शेवटचा उपाय तोच: श्वास सोडत वर. डोक्यावर छत आलं की तोच उपाय जातो.

दोर धरून तो उघड्या डोळ्यांनी चालत गेला, पाऊण मिनिट. मग मास्कला काळी चिकटपट्टी लावली. तळाच्या गाळाला फिनचा एक फटका बसला की असाच अंधार होतो. जोडीदाराची हवा संपली असं धरलं, म्हणजे तो याच्या खांद्याला धरून मागे. परतीला सहा मिनिटं लागली. मध्ये नाक खाजवायला त्याने दोर सोडला. दोर हातभर अंतरावर होता, आणि हा भलतीकडेच चाचपडत राहिला. मी गप्प उभा. बोललो असतो तर सगळं वाया गेलं असतं.

त्यानंतर हवेचा हिशेब सांगितला: टाकीतल्या २१० बार दाबापैकी ७० जाताना, ७० येताना, ७० राखीव. राखीव कशाला, हे या वेळी कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी डेव्हिल्स आयमध्ये उतरलो. विहिरीसारखा खड्डा, साधारण सहा मीटर. तळाशी एका कडेला काळं तोंड. पोरगा त्यासमोर तरंगत थांबला, मान वर करून आकाश पाहिलं आणि अंगठा दाखवला. आमच्यात अंगठा म्हणजे 'मस्त' नव्हे, 'वर चल'. टाकीत अजून १३० बार होते.

काठावर फिन काढताना म्हणाला, "टॉर्च न्यायची तर कोर्स किती दिवसांचा?"

"कॅव्हर्नचा, म्हणजे गुहेत बाहेरचा उजेड पोचतो तेवढ्याच भागाचा, साधारण दोन दिवस. सुरुवात पुन्हा झाडांपासूनच."