मे महिन्यातला पहिला वॉश

शेजारची मुलगी परवा रडवेली होऊन आली. हातात चोवीस जलरंगांचा नवा डबा, आणि कागदावर फुटाळा तलावावरचं आकाश, फुलकोबीसारखे डाग पडलेलं. "काकू, हात फिरवला की रंग सुकून राह्यला!"

नागपूरच्या मे महिन्यात हे होणारच. पण डागाचं कारण फक्त ऊन नाही. कागद अर्धवट ओला असताना तिनं पुन्हा भरपूर पाण्याचा ब्रश त्यावर टेकवला. ते जास्तीचं पाणी आधीच्या रंगाला ढकलत गेलं आणि कडेला फूल उमटलं. जलरंग शिकणाऱ्यानं आधी पाण्याचा अंदाज शिकायचा, रंग नंतर. मी ज्या क्लासला गेले होते तिथे पहिल्याच दिवशी कॅलेंडरवरचा हिमालय उतरवायला दिला होता. पाण्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. त्यात माझे दोन उन्हाळे गेले, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

तिचा डबा मी बाजूला ठेवला. वहीचा पातळ कागद पाण्यानं फुगतो, म्हणून 300 जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, एक मोठा कागद घेऊन त्याचे चार तुकडे केले. रंग दोनच घेतले, अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना. बर्न्ट सिएना ही मूळची भाजलेली माती, इटलीतल्या सिएना गावाच्या नावाची. हे दोन मिसळले की पावसाळी ढगापासून डांबरी रस्त्यापर्यंत सगळे करडे रंग मिळतात. महिनाभर एवढं पुरतं.

मग पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर. पंखा बंद केला. कागद मागूनही ओला केला, म्हणजे ओल टिकते. बोर्डाखाली दोन पुस्तकं ठेवून उतार दिला. रंग वाटीत आधीच भरपूर कालवून ठेवायचा, मध्येच संपला तर तोच रंग पुन्हा जमत नाही. भरल्या ब्रशनं आडवी रेघ ओढायची, खालच्या कडेला पाण्याची ओळ साचते, पुढची रेघ त्या ओळीला टेकवून. आणि वर परत जायचं नाही. हात शिवशिवतो, पण नाही.

रविवारी सहा वाजता आम्ही फुटाळ्यावर होतो. पलीकडची झाडी बघून ती हिरवा रंग शोधायला लागली. तिला म्हटलं, डोळे बारीक कर. पानं गेली, एक गडद पट्टा उरला, त्याच्या वर-खाली फिकट आकाश आणि पाणी. चित्र त्या गडद-फिकटावर उभं राहतं. पाण्यावरची चमक म्हणजे कोरा सोडलेला कागद. तो आधीच राखायचा, कारण जलरंगात फिक्याकडून गडदाकडेच जाता येतं.

तिनं आकाश घातलं. मध्ये एक थेंब ओघळला, ब्रश उचलला गेला, पण तिनं तो खाली टेकवला नाही. सुकल्यावर निळा एक पायरी फिका झाला. "आणखी गडद घ्यायला पाहिजे होता ना, काकू?" म्हणत तिनं दुसरा तुकडा बोर्डाला लावला.